आधी कुकरची शिट्टी गेली

ताईच्या कानातून सगळ्यात आधी कुकरची शिट्टी गेली. 2013 चा डिसेंबर होता, मी भांडुपला मामाकडे गेले होते, ओट्यावर कुकर शिट्टीवर शिट्टी देत होता आणि ताई त्याच्या शेजारी उभी राहून शांतपणे कोथिंबीर निवडत होती. मामी बाहेरून ओरडली, "अगं पाच झाल्या, डाळीचा गाळ होईल, बंद कर ना!" ताईने मान वर केली ती मामीच्या आवाजाने. मग तिने कुकरकडे बघितलं, वाफ सुटताना तिला दिसत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून विसरता येत नाही. "वाजला?" एवढंच म्हणाली.

तेव्हा तिला इंजेक्शनं सुरू होऊन चार महिने झाले होते. एमडीआर टीबी, म्हणजे टीबीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा. रविवार सोडून रोज सकाळी हेल्थ पोस्टला जायचं, कंबरेत कॅनामायसिनचं इंजेक्शन घ्यायचं आणि वर मूठभर गोळ्या, ज्यातली एक गोळी अशी होती की घेतल्यावर तासाभरात उलटी ठरलेली आणि दुसरी अशी की तिच्यामुळे माणूस रात्रभर भिंतीकडे बघत बसतं. दोन वर्षांचा कोर्स, त्यातले पहिले सहा ते नऊ महिने इंजेक्शन. ताई घरी ब्लाउज शिवते, तिला धड बसताच यायचं नाही, उशी घेऊन एका अंगावर रेलून मशीन चालवायची. मशीनच्या आवाजावरून तिला आधीच कळायचं की आता सुई तुटणार किंवा बॉबिनमध्ये दोरा गुंतलाय. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण कान म्हणजे फक्त गप्पा आणि गाणी असं आपल्याला वाटतं, तिच्यासाठी ते हत्यार होतं, रोजीरोटीचं.

कानात शीळ वाजल्यासारखं होतंय असं तिने सेंटरवर तीनदा सांगितलं होतं. "होतं असं, कोर्स मोडू नका" एवढंच उत्तर मिळालं, कानाची तपासणी काही झाली नाही. फेब्रुवारीपर्यंत दारावरची बेल गेली, मग फोनची रिंग, मग माणसांच्या बोलण्यातले स, श, च गेले, म्हणजे शब्द यायचे पण भोकं पडलेले, आणि मग एका आठवड्यात सगळंच गेलं.

हे असंच क्रमाने का जातं ते मी नंतर वाचलं. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो, त्यात केसांसारखे तंतू असलेल्या बारीक पेशी असतात, आणि उंच पट्टीचे आवाज पकडणाऱ्या पेशी त्या शंखाच्या अगदी तोंडाशी असतात. कॅनामायसिन त्यांनाच आधी मारतं. एकदा मेली की ती पेशी परत उगवत नाही. हे औषध 1957 साली जपानमध्ये हामाओ उमेझावांच्या टीमने मातीतल्या एका जंतूपासून काढलं, त्या काळात त्याने खूप जीव वाचवले, आणि ते कानांवर जातं ही गोष्टही डॉक्टर लोकांना काल-परवा कळलेली नाही. म्हणजे माझ्या ताईला 2013 मध्ये जे टोचलं जात होतं ते छप्पन्न वर्षं जुनं औषध होतं आणि त्याचा धोकाही जवळपास तेवढाच जुना.

2015 मध्ये तिचा कोर्स संपला, बेडका निगेटिव्ह आला, रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे 'बरी' असं लागलं. ती जगली यासाठी मी आयुष्यभर त्या औषधांची ऋणी राहीन, यात काही शंका नाही. पण नातेवाईक यायचे आणि हळूच विचारायचे, गोळ्या मध्येच सोडल्या होत्या का हो हिने? (ती शेजारीच बसलेली असायची, ऐकू येत नाही म्हणून काय तिला कळत नाही का.) मामीला ते फार लागायचं, कारण ताईला आधी कधी टीबी झालेलाच नव्हता. एकही गोळी सोडायचा प्रश्न नव्हता, सोडायला आधी सुरू तरी व्हायला हवी ना. तिच्या फुप्फुसात शिरलेला जंतूच मुळात औषधांना दाद न देणारा होता, दुसऱ्या कुणाच्या तरी खोकल्यातून, लोकलमध्ये की जिन्यात की बाजारात, कुठून ते कधीच कळणार नाही. आज ज्यांना एमडीआर होतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं असंच असतं.

मग तो जंतू असा तयार कसा झाला? एका रोग्याच्या फुप्फुसात कोट्यवधी जंतू असतात, त्यांच्यातले काही थोडे आपोआपच एखाद्या औषधाला पुरून उरणारे निघतात, एकच औषध दिलं किंवा चुकीची जोडी दिली की बाकीचे मरतात आणि मोकळ्या रानात हे थोडे वाढतात. म्हणून टीबीला तीन-चार औषधं एकदम देतात. आता मुंबईचं बघा, 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईच्या वस्त्यांमधल्या 100 खाजगी डॉक्टरांना विचारलं टीबीला काय लिहून द्याल, तर 80 वेगवेगळी उत्तरं आली. 2010 मध्ये डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावीत परत विचारलं, 106 डॉक्टर, 63 प्रकारची प्रिस्क्रिप्शनं. वीस वर्षं गेली मध्ये! पुढे 2011 च्या शेवटी याच उदवाडियांच्या टीमने मुंबईतले असे चार पेशंट जगासमोर मांडले ज्यांच्यावर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं, आणि मग 'टोटली ड्रग रेझिस्टंट' हा शब्द वापरायचा की नाही यावरच वाद पेटला. मला आठवतंय, टीव्हीवर ते चाललेलं असताना ताई ब्लाउजला हुक लावत बसली होती आणि म्हणाली होती, "बाई गं, कसे जगत असतील." दीड वर्षाने तिचाच रिपोर्ट आला.

मला जे आत कुठेतरी टोचत राहिलं ते वेगळंच आहे. ज्या डिसेंबरात ताईची शिट्टी गेली, त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, डिसेंबर 2012 मध्ये, अमेरिकेत बेडाक्विलिनला मंजुरी मिळाली होती. टीबीसाठी चाळीसेक वर्षांत आलेलं पहिलं नव्या जातीचं औषध. गोळी. इंजेक्शन नाही, कानांना धक्का नाही. तिच्यावर जगभरात ज्या चाचण्या झाल्या त्यांत सरकारी आणि देणग्यांचा पैसा जॉन्सन अँड जॉन्सन या मूळ कंपनीच्या स्वतःच्या खर्चाहून बराच जास्त होता असा अंदाज अभ्यासकांनी नंतर काढला. आणि सहा महिन्यांच्या कोर्सची सुरुवातीची किंमत अशी लावली होती: गरीब देशांना 900 डॉलर, मधल्या देशांना 3000, श्रीमंतांना 30000. आपल्याकडे ती गोळी 2016 मध्ये आली, देशभरात मिळून फक्त सहा हॉस्पिटलांत. जपून वापरू, नाहीतर या औषधालाही जंतू सरावेल, असं कारण दिलं जायचं. कारण खोटं नव्हतं. पण पाटण्याच्या एका 18 वर्षांच्या मुलीला दिल्लीत ही गोळी नाकारली गेली, ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून, तिच्या वडिलांना हायकोर्टात जावं लागलं, जानेवारी 2017 मध्ये गोळी मिळाली आणि 2018 मध्ये ती गेली. तोवर फुप्फुसं फार खराब झाली होती.

मामा संगमेश्वरकडचा. त्याच्या लहानपणी गावात लावणी सावडीने व्हायची, आज आख्खी वाडी तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. पैशाचा व्यवहार नाही, फक्त पाळी. मामा सांगायचा, सावड चांगलीच, सावडीशिवाय आमच्यासारख्यांची लावणी झालीच नसती, पण ज्याची पाळी शेवटी यायची त्याची रोपं तोवर वाढून जून व्हायची आणि पाऊसही हात आखडता घ्यायचा. देशादेशांनी मिळून रोगाशी लढायचं हे जे काही चाललंय ना, त्याबद्दल वाचताना मला दरवेळी मामाचं हे वाक्य आठवतं. सावड खरी आहे. आणि शेवटच्या पाळीचं खाचर कोणाचं हेही खरं आहे.

सावड खरी आहे म्हणते ते उगाच नाही. 1956 मध्ये मद्रासला टीबीवर संशोधनाचं एक केंद्र सुरू झालं, आपली आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल, सगळे मिळून. प्रश्न साधा होता, टीबीच्या पेशंटला सॅनेटोरियममध्ये वर्षभर ठेवलंच पाहिजे का? चिठ्ठ्या टाकल्यासारखे पेशंट वाटून घेतले, निम्मे सॅनेटोरियममध्ये, चांगलं जेवण, हवा, आराम, आणि निम्मे शहरातल्या गरीब वस्तीत स्वतःच्या घरी, दाटीवाटीत, कमी जेवणावर. औषधं दोघांना तीच. निकाल जवळपास सारखा आला, आणि घरच्या लोकांना लागण होण्याचं प्रमाणही घरी राहिलेल्यांकडे वाढलं नव्हतं. 1959 पासून हे छापून येत गेलं आणि जगभर टीबीच्या उपचाराची दिशाच बदलली. मिरजेच्या सॅनेटोरियमच्या आठवणी आपल्या कितीतरी घरांत आहेत, तिथे खाट मिळायला वशिला लागायचा, आणि आज आपण आपल्याच घरी राहून गोळ्या खातो ते मद्रासच्या त्या गरीब घरांमुळे. ज्यांनी ते दाखवून दिलं ते पेशंट होते, त्यांची नावं कुठेही नाहीत.

दुसरी सावड दोन मुलींची आहे आणि हीच गोष्ट सांगायला मी खरं तर लिहायला बसले.

मुंबईची नंदिता वेंकटेशन. भरतनाट्यम् करणारी, पत्रकार. तिला पोटाचा टीबी दोनदा झाला, दुसऱ्या वेळच्या इंजेक्शनांनी 2013 मध्ये तिची ऐकण्याची शक्ती गेली. वर्ष बघितलंत ना, ताईचंच वर्ष. तिकडे दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या खायेलित्शामध्ये फुमेझा टिसिले, कॉलेजात शिकत असताना 2010 मध्ये आजारी पडली, तिचेही कान कॅनामायसिननेच नेले, 2013 मध्ये ती बरी झाली. दोन शहरं, मध्ये आख्खा हिंदी महासागर, आणि एकच औषध दोघींच्या कानात. फेब्रुवारी 2019 मध्ये या दोघींनी मिळून, 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मदतीने, भारताच्या पेटंट ऑफिसात हरकत दाखल केली.

हरकत कशावर? बेडाक्विलिनच्या मूळ रेणूचं भारतातलं पेटंट जुलै 2023 मध्ये संपणार होतं. कंपनीने त्याच औषधाच्या एका क्षारावर, म्हणजे गोळी बनवण्यासाठी जे रूप वापरतात त्यावर, वेगळं पेटंट मागितलं होतं. ते मिळालं असतं तर आणखी चार-साडेचार वर्षं, 2027 पर्यंत, दुसऱ्या कुणाला ती गोळी बनवता आली नसती. आता आपल्या पेटंट कायद्यात दोन गोष्टी फार शहाणपणाच्या आहेत. एक, 3(ड) हे कलम, जुन्याच औषधाचं नवीन रूप आणलं आणि त्याने गुण वाढत नसेल तर पेटंट नाही. आणि दुसरी, पेटंट मिळायच्या आधी कोणीही हरकत घेऊ शकतं, अगदी कोणीही, तुम्ही कंपनी असायला नको, भारतीयसुद्धा असायला नको. म्हणून खायेलित्शाची मुलगी भारतातल्या ऑफिसात म्हणणं मांडू शकली. ती का आली? कारण दक्षिण आफ्रिकेत खाल्ली जाणारी स्वस्त गोळी भारतातच बनते. इथे अडलं की तिकडे अडतं.

23 मार्च 2023 ला, जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, पेटंट ऑफिसने कंपनीची मागणी फेटाळली.

त्या दिवशी मी ऑफिसात होते, फोनवर बातमी वाचली आणि वॉशरूममध्ये जाऊन रडले, खरंच. मग ताईला मेसेज केला, सगळं लिहून, तीन मोठे मेसेज. तिचं उत्तर आलं, "त्या मुली परत नाचतात, शिकतात का?" मी लिहिलं हो, नंदिता परत स्टेजवर नाचली, फुमेझाला ऐकू येण्यासाठी कानात इम्प्लांट बसवलंय. बऱ्याच वेळाने तिचा नुसता हात जोडल्याचा इमोजी आला.

पुढचं पटापट झालं. जुलैमध्ये मूळ पेटंट संपलं, कंपनीवर जगभरातून दबाव आला, एका अमेरिकन यूट्यूबरच्या हजारो चाहत्यांनीही मेसेज करून करून त्यांना भंडावलं, 'स्टॉप टीबी पार्टनरशिप'ची ग्लोबल ड्रग फॅसिलिटी म्हणून जी संस्था देशांसाठी एकत्र औषधखरेदी करते तिच्याशी कंपनीने करार केला, आणि ऑगस्टअखेर त्या संस्थेने भाव जाहीर केला: सहा महिन्यांच्या कोर्सला 130 डॉलर, आधीच्या निम्म्याहूनही कमी. आणि बनवणारी आता मूळ कंपनी एकटीच नव्हती, मुंबईची लुपिनही होती. सप्टेंबरमध्ये मूळ कंपनीने 134 देशांत आपली उरलेली पेटंटं न वापरण्याचं जाहीर केलं. सहकार्य म्हणजे डोळ्यासमोर येतात ते लांबलचक टेबलं, पाण्याच्या बाटल्या आणि झेंडे. माझ्या डोळ्यासमोर आता एका कागदावरच्या दोन सह्या येतात.

दक्षिण आफ्रिकेचं ऋण तर वेगळंच मोजायला पाहिजे. जून 2018 मध्ये त्यांनी आपल्या सरकारी कार्यक्रमात एमडीआरसाठी इंजेक्शन काढून सगळ्यांना बेडाक्विलिन द्यायचं ठरवलं, जगात पहिल्यांदा, आणि दोन महिन्यांनी जागतिक आरोग्य संघटनेनेही कॅनामायसिन वापरू नका असं सांगितलं. पुढची मोठी चाचणीही तिथेच, 109 पेशंट, सगळ्यात कठीण टीबीचे, तीन गोळ्यांच्या जोडीवर दर दहातले नऊ बरे झाले. मग 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ची चाचणी, उझबेकिस्तान, बेलारूस आणि दक्षिण आफ्रिकेत, चार औषधं, सहा महिने: 89 टक्के जणांचा उपचार यशस्वी, तर जुन्या पद्धतीत 52 टक्के. 2022 मध्ये त्याला जागतिक मान्यता मिळाली, बीपाल्म म्हणतात या जोडीला. आणखी एका चाचणीत तर जॉर्जिया, कझाकस्तान, लेसोथो, पेरू, पाकिस्तान, दक्षिण आफ्रिका आणि भारत असे सात देश होते. पाकिस्तानातले आणि आपले पेशंट एकाच तक्त्यात, एकाच निकालात. मला हे वाचून इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आपल्या आरोग्य मंत्रालयाने बीपाल्मला मान्यता दिली सप्टेंबर 2024 मध्ये. जगातले एमडीआरचे चौथ्या हिश्शाहून जास्त पेशंट आपल्याकडे आणि आपली पाळी मागाहून. 2023-24 मध्ये तर औषधांचा साठाच संपला होता, पेशंट या सेंटरवरून त्या सेंटरवर फिरत होते, आपल्याच राज्यातसुद्धा. एमडीआरच्या माणसाला पंधरा दिवस गोळी न मिळणं म्हणजे काय, ते वर जंतूचं सांगितलं तेच.

त्याच सप्टेंबरात न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत सगळे देश जमले होते, औषधांना न जुमानणाऱ्या सगळ्याच जंतूंसाठी. 2019 मध्ये अशा संसर्गांनी थेट 12 लाख 70 हजार माणसं मेली आणि ज्या मृत्यूंत त्यांचा हात होता ते धरले तर जवळपास 50 लाख. 2030 पर्यंत त्यात 10 टक्के घट, असं ठरलं. फक्त दहा. मला राग आला होता वाचून. मग चारच महिन्यांत अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली, टीबीसाठी देशांकडून थेट येणाऱ्या मदतीत सगळ्यात मोठा वाटा त्यांचाच होता, चालू चाचण्या मध्येच बंद पडल्या, तेव्हा ते दहासुद्धा मोठे वाटायला लागले. आणि इकडे बेडाक्विलिनला दाद न देणारे जंतूही सापडायला लागलेत. जे जपून वापरू म्हणत होते त्यांची भीती खरीच होती. पण जपून वापरायचं म्हणजे पेशंटला न देणं नाही हो, वेळेवर तपासणं, बरोबर जोडीने देणं आणि साठा संपू न देणं, आणि हे एकट्या देशाचं काम नाही, कारण पुढची गोळी कुठल्या तरी तिसऱ्याच देशात कुणाच्या तरी अंगावर तपासली जाणार आहे.

ताईच्या चाळीत गेल्या वर्षी एका मुलीला एमडीआर निघाला. एकोणीस वर्षांची, मॉलमध्ये कामाला. तिची आई रडत ताईकडेच आली, कारण या बाबतीत चाळीत ताईच जाणकार. सहा महिने, फक्त गोळ्या. मध्येमध्ये ईसीजी, रक्त तपासणी. पायाला मुंग्या यायच्या तिला, एका गोळीचा डोस कमी केला डॉक्टरांनी. ताई रोज तिच्याकडे जायची आणि वहीवर एकच प्रश्न लिहायची, "कानात शीळ वाजते का?" मुलगी रोज मान हलवायची, नाही. अख्खी वही भरलीय त्या एका प्रश्नाने, मी बघितलीय.

कोर्स संपला त्या रविवारी मीही गेले होते. मुलगी पेढे घेऊन आली होती आणि ब्लाउजचं माप द्यायला. ताई आता मशीनवर डावा तळवा ठेवून शिवते, दोरा गुंतला की तिला हाताला कळतं. कुकर लावलेला होता. मामी आता नाही, त्यामुळे हल्ली ताई घड्याळ लावून बसते. मुलगी तिच्या समोरच्या स्टुलावर बसली आणि आत शिट्टी झाली तसं तिने एक बोट वर केलं. ताईने बघितलं. मग दोन. तिसरं बोट वर झालं तशी ताई उठली आणि जाऊन गॅस बंद केला.